माशी बांधण्याचा शिकंजा : कोणता घ्यावा, किती पैशांत घ्यावा





मागील पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "सर, शाळेच्या हिशेबात 'रोटरी व्हाइस, ६ नग' असे लिहिले आहे. हे काय प्रकरण आहे?" सभागृहात हशा पिकला. आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते कुणाच्या पदरात पडले नाही हे समोरच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. शिवाय छंदवर्गात एका विद्यार्थिनीच्या अंगठ्यात गळ घुसला, ती हकीकतही अर्धवट स्वरूपात घरोघर पोहोचली आहे. येत्या बैठकीत याच वस्तूसाठी आम्ही विश्वस्त मंडळाकडे पुन्हा पैसे मागणार आहोत. तेव्हा सारे सविस्तर लिहिणे आमचे कर्तव्य ठरते.

आधी माशीविषयी. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत इंदूरला आले असता ते शाळेत डोकावले आणि शिक्षककक्षाच्या टेबलावर त्यांनी एक लहानशी पेटी उघडली. तीत गळ होते, रेशमासारखा बारीक धागा होता, कोंबड्याच्या मानेची पिसे होती. दहा-बारा मिनिटांत त्यांनी गळाच्या दांडीवर धागा आणि पीस गुंडाळून असा एक किडा तयार केला की आमच्या शिपाईमामांनी तो झटकायला हात उचलला. यालाच इंग्रजी मुलुखात 'फ्लाय' म्हणजे माशी म्हणतात, आणि ती तयार करण्याला माशी बांधणे. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा पाण्यावरचे किडे खातो. त्याला ही बनावट माशी दाखवून पकडायचे. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. जाड दोरीच्या वजनावर ती लांब फेकली जाते. कला जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांविषयी लिहिले आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे जोडतात. म्हणजे कोंबडा तेव्हापासून कामाला लागला आहे.

मुलांना हा प्रकार इतका आवडला की बुधवारच्या छंदवर्गात तो सुरू करावा लागला. आज त्यात ११ मुले-मुली आहेत. काही विश्वस्तांनी विचारले, की आपल्या शाळेत मासेमारी कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की ज्या घरी मासे चालत नाहीत त्या घरचीही मुले या वर्गात आहेत. ती माशी बांधतात, मासे पकडत नाहीत. ज्यांना पुढे हौस वाटेल त्यांच्यासाठी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात मत्स्य विभागाचा परवाना काढून ट्राउटसाठी गळ टाकता येतो. आपल्या नर्मदेतला महासीर तर मध्यप्रदेशचा राज्यमासाच आहे. पण बुधवारी तीन ते साडेचार या वेळात जे होते ती निव्वळ हस्तकला आहे. ज्या मुलाला वहीत सरळ रेघ ओढता येत नाही तो दीड सेंटिमीटरच्या दांडीवर धाग्याचे तीस वेढे एकावर एक न चढवता बसवतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मूळ मुद्दा. गळ एवढासा, त्याला टोक आणि टोकामागे उलटा काटा. तो हातात धरून त्यावर काम करणे अशक्य नाही. जुन्या काळी विलायतेत पुष्कळ कारागीर नुसत्या बोटांत धरून माशी बांधत आणि आजही कुणी कुणी बांधतात. पण शिकणाऱ्याला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून गळ धरून ठेवणारे एक साधन लागते, ते म्हणजे व्हाइस. आमचे स्नातकपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या शाळेच्या कर्मशालेत बाकाला ठोकलेल्या मोठ्या व्हाइसला 'शिकंजा' म्हणत, आणि तोच शब्द आमच्या तोंडी बसला आहे. माशीचा शिकंजा म्हणजे त्याचे नातवंड समजा : एक उभा खांब, खांबावर आडवा किंवा तिरपा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पेन्सिलीएवढे निमुळते दोन जबडे. जबड्यांत गळाचा बाक अडकवायचा, दांडी आडवी मोकळी राहिली पाहिजे.

हे शिकंजे तीन जातींचे मिळतात आणि दुकानदार तिन्हींची नावे एकमेकांत मिसळतात, म्हणून थोडे थांबून समजून घ्यावे. पहिली जात स्थिर : जबडे फिरत नाहीत, तुम्ही धागा फिरवता. दुसऱ्या जातीत जबडे फिरतात, पण गळाची दांडी फिरण्याच्या अक्षावर नसते. जबडे फिरवले की गळ चक्री पाळण्यासारखा वर-खाली गोल जातो. त्याचा उपयोग एवढाच, की माशीची पलीकडची बाजू मान वाकडी न करता पाहता येते. तिसरी जात खरी रोटरी. हिच्यात जबडे असे वळवलेले किंवा सरकवता येणारे असतात, की गळाची दांडी बरोबर फिरण्याच्या अक्षावर येते. मूठ फिरवा, दांडी जागच्या जागी फिरते, लेथवर दांडा फिरावा तशी. पीस नुसते हातात धरून ठेवले तरी ते आपोआप दांडीवर गुंडाळले जाते, वेढे समान पडतात आणि हात पुन्हा पुन्हा गळाच्या टोकाजवळून न्यावा लागत नाही. दुसऱ्या जातीच्या डब्यावरही 'रोटरी' असेच छापलेले असते. आमची फसगत इथेच झाली.

विश्वस्त मंडळाने छंदवर्गासाठी १५,००० रुपये मंजूर केले होते. आम्ही घाईने, चित्र पाहून, १,४०० रुपयांना एक असे ६ 'रोटरी' शिकंजे मागवले. ८,४०० रुपये गेले. दिसायला ते चकचकीत होते. फिरत होते, पण अक्षाचा पत्ता नव्हता. ते एक वेळ चालले असते. पण तिसऱ्या आठवड्यात जबड्यांच्या आतल्या बाजूला गळाने खाच पाडली. गळाची तार कडक आणि जबडा मऊ, दुसरे काय होणार? त्या खाचेतून गळ सरकू लागला, मुले मळसूत्र आणखी आवळू लागली, आणि एका बुधवारी धागा ताणत असताना ६ नंबरचा गळ फिरून नववीतल्या मुलीच्या डाव्या अंगठ्यात काट्यापर्यंत गेला. डॉक्टरांनी तो काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, आठ दिवसांत अंगठा बरा झाला. पुढच्या बुधवारी ती वर्गात हजरही होती. पण चूक आमची होती. शिकंजा न तपासता मुलांच्या हाती दिला, आणि गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले नाहीत. आता वर्गात येणारा प्रत्येक गळ आधी सपाट केला जातो आणि चष्मा घातल्याशिवाय कुणी टेबलावर बसत नाही.

त्यानंतर आम्ही त्यातला एक शिकंजा घेऊन सियागंजात ओळखीच्या खरादीकडे गेलो. त्यांनी जन्मात माशीचा शिकंजा पाहिला नव्हता. पण त्यांनी बारीक कानस घेतली आणि जबड्यावर एकदा हलकी ओढली. कानस चावली, भुसा पडला. मग स्वतःच्या एका पान्यावर ओढली. ती काचेवरून जावी तशी घसरली. "साहेब, हे मऊ आहे," एवढेच ते म्हणाले. आम्ही विचारले, की तापवून पाणी देता येईल का? त्यांनी जबड्याचे टोक ग्राइंडरला लावले, ठिणग्या पाहिल्या आणि मान हलवली. ठिणग्या लांब आणि साध्या, फुलबाजीसारख्या फुटत नव्हत्या. म्हणजे पोलादात कार्बन कमी. त्याला कितीही पाणी दिले तरी कडकपणा येणार नाही. आमच्या विज्ञान शिक्षकांनी हा धडा दहावीला ज्या पद्धतीने शिकवला असता त्याहून तो आम्हाला त्या दुकानात चांगला समजला.

तेव्हापासून आम्ही शिकंजा पाहतो तो जबड्यांपासून. रंग, मूठ, पितळी चकत्या हे सगळे नंतर. परीक्षा सोपी आहे आणि कुणीही घरी करू शकतो. जबड्यांत १० किंवा १२ नंबरचा गळ नीट अडकवावा आणि डोळ्याजवळ बोटाने खाली दाबावे. चांगल्या शिकंज्यात गळाची तार स्प्रिंगसारखी लवते, जबड्यातला भाग हलत नाही. वाईट शिकंज्यात तार सरळच राहते आणि सगळा गळ खाली झुकतो. (नंबराविषयी एक गोष्ट : गळाचा आकडा वाढला की गळ लहान होतो. १२ पेक्षा १६ लहान, आणि २२ तर मुंगीएवढा. नवीन मुले नेहमी उलटे समजतात, आम्हीही समजलो होतो.) ही परीक्षा मोठ्या गळावर आणि लहान गळावर वेगवेगळी करावी. काही जबडे मोठा गळ घट्ट धरतात पण १८ नंबरला त्यांची टोके एकमेकांना टेकतच नाहीत.

जबडे आवळण्याची रीतही पाहावी. सर्वांत जुनी आणि साधी रीत म्हणजे तरफ दाबली की जबडे मागे ओढले जाऊन निमुळत्या नळीत घट्ट बसतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एल्जिन गावच्या थॉम्प्सन यांचा 'मॉडेल ए' हा असा स्थिर शिकंजा फार वर्षे चालला, आणि त्याच्या नकला भारतात बनून जगभर स्वस्त म्हणून विकल्या जातात. होय, आपल्याच देशात. परदेशातले नवशिके ज्यावर हात बसवतात त्यांतले पुष्कळ शिकंजे इथून गेलेले असतात, आणि कोंबड्याची पिसेही. दुसरी रीत मळसूत्राची किंवा कॅमची, बहुतेक खऱ्या रोटरी शिकंज्यांत हीच असते. तिसरी रीत स्प्रिंगची : अमेरिकेच्या रीगल कंपनीचे जबडे आपणहून मिटलेले असतात, मूठ दाबली की उघडतात. गळ बदलताना काही जुळवावे लागत नाही. शाळेसाठी ती सर्वांत सोयीची, पण किमतीने आमच्या आवाक्याबाहेरची.

रोटरीच घ्यायचा असेल तर दुसरी परीक्षा अक्षाची. गळ अडकवून मूठ फिरवावी आणि गळाच्या डोळ्यामागे पांढरा कागद धरून पाहावे. डोळा जागच्या जागी फिरला तर ठीक. त्याने हवेत वर्तुळ काढले तर जबडा वर-खाली सरकवून पाहावे. सरकवण्याची सोयच नसेल तर तो शिकंजा एकाच मापाच्या गळासाठी खरा आणि बाकी सगळ्यांसाठी खोटा. मग दांडा पकडून हलवावा. सैलपणा बोटाला लागला तर तो वर्षभरात दुप्पट होईल असे समजावे. फिरण्याचा ताण कमी-जास्त करणारा एक स्क्रू असतोच. तो आवळल्यावर दांडा जिथे सोडला तिथे थांबला पाहिजे.

रोटरीबरोबर धाग्याच्या बॉबिनसाठी एक आकडा येतो. नवशिके तो काढून ठेवतात आणि मग तक्रार करतात, की मूठ फिरवली की धागाही गुंडाळला जातो. तो गुंडाळला जाणारच! बॉबिन त्या आकड्यावर टेकवली की धागा अक्षाच्या रेषेत येतो आणि गळ फिरला तरी वेढा पडत नाही. ही लहानशी गोष्ट ज्या शिकंज्याबरोबर मिळत नाही त्याच्या किमतीत ती वेगळी धरावी.

आणखी एक गंमत आम्हाला दोन संध्याकाळी वाया घालवून कळली. हाताने पीस गुंडाळताना आपण ते वरून आपल्यापासून दूर नेतो. रोटरीवर तसेच वेढे हवे असतील तर मूठ उलटी, म्हणजे गळाची वरची बाजू आपल्याकडे येईल अशी फिरवावी लागते. आम्ही सवयीने दूर फिरवत होतो आणि वेढे धाग्याच्या विरुद्ध पडत होते. अंगावरची तार मुद्दाम अशी विरुद्ध गुंडाळतात, म्हणजे ती पिसाला आडवी बांधून ठेवते. पण पीसच विरुद्ध पडले तर शेवटी धागा आवळताना ते सुटते. आठवीतल्या एका मुलाने पंखा आणि दोरी घेऊन हे आम्हाला फळ्यापुढे समजावले. त्याला शाबासकी दिली आणि पंखा परत लावायला सांगितला.

आता बैठक. परदेशी चित्रांत शिकंजा टेबलाच्या कडेला क्लँपने अडकवलेला दिसतो. आपल्या कलाकक्षातली सागवानी टेबले पूर्वजांच्या दानातली, कड अडीच इंच जाड. क्लँप तेवढा उघडतच नाही. वर्गातली बाके उतरती, तिथे क्लँप बसला तरी खांब तिरपा. म्हणून शाळेला वजनदार चौकोनी बैठकच हवी. बैठक हलकी असली तर धागा ताणताच शिकंजा माणसाकडे चालत येतो. घरी पातळ कडेचे टेबल असलेल्या पालकांनी मात्र खुशाल क्लँप घ्यावा, तो स्वस्त आणि जास्त घट्ट असतो. डावखुऱ्या मुलांसाठी आधी विचारून घ्यावे. काही रोटरी शिकंजे नुसते वळवून चालत नाहीत, कारण मूठ आणि जबड्याचा कोन उजव्या हाताला धरून केलेला असतो. रेन्झेटीसारखी कंपनी डावखुऱ्यांसाठी वेगळा बनवते. आपल्या वर्गात दोन डावखुरे आहेत.

किमतीविषयी स्पष्ट लिहितो. खऱ्या रोटरीत परवडणारा म्हणून ज्याचे नाव सर्वत्र घेतले जाते तो डेन्मार्कचा डॅनव्हाइस. त्याचे अंग बरेचसे कडक प्लास्टिकचे, त्यामुळे पाहणाऱ्याला खेळणे वाटते. पण जबडे पोलादी आणि अक्ष खरा. आम्ही चौकशी केली तेव्हा किंमत १०० डॉलरच्या थोडी वर होती. कोलोरॅडोचा पीक आणि मोंटानाच्या ग्रिफिन कंपनीचा मोंटाना मंगूस हे संपूर्ण धातूचे, जन्मभर टिकणारे, पण ते २०० डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर. यांवर टपाल आणि आयात शुल्क वेगळे. दोन-तीन हजार रुपयांत मिळणारे 'रोटरी' बहुधा दुसऱ्या जातीचे असतात. सगळेच वाईट असे आम्ही म्हणणार नाही, पण कानस आणि कागद घेऊनच दुकानात जावे.

आम्ही काय ठरवले? शिल्लक ६,६०० रुपयांतून आम्ही फिरणाऱ्या शिकंज्याचा मोह सोडला. भारतीय बनावटीचा, तरफेने आवळणारा एक स्थिर शिकंजा आधी नमुन्यादाखल मागवला, त्याच खरादींच्या कानशीखालून काढला, कानस घसरली, तेव्हा आणखी ३ मागवले. १,६०० रुपयांप्रमाणे ४ नगांचे ६,४०० झाले. आलेला प्रत्येक नग तपासला. एक परत केला आणि बदलून घेतला. त्यांवर मुले पाच महिने काम करत आहेत, जबड्यांत अजून खाच नाही. धागा हाताने फिरवावा लागतो, आणि शिकताना तसा तो फिरवलेलाच बरा, असे आमचे मत बनले आहे. रोटरीवर आधी बसलेल्या मुलाचा हात धाग्याचा ताण ओळखायला उशिरा शिकतो.

तरीही एक खरा रोटरी हवा आहे. मोठ्या मुलांना पिसाचे समान वेढे घालायचे असतात, आणि बोटांत ताकद कमी असलेला आमचा एक विद्यार्थी आहे, ज्याला हात वळसा घालून नेणे जड जाते पण मूठ फिरवणे जमते. त्याच्यासाठी तर ही चैन नव्हे. डॅनव्हाइस, बैठक आणि बॉबिनचा आकडा धरून साधारण ११ ते १२ हजार रुपये लागतील असा अंदाज आहे. माजी विद्यार्थ्याने तो भेट म्हणून आणण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे आभार मानून आम्ही कळवले आहे, की तो पावतीसह आणावा, पैसे द्यावे की भेट स्वीकारावी हे मंडळ ठरवील.

पालकांना एक विनंती आहे. मुले पिसांसाठी रानोमाळ हिंडू लागली आहेत. कोंबडीवाल्याकडची पिसे धुऊन, वाळवून पाठवावीत, ती उत्तम. राखी रानकोंबड्याची पिसे विलायती माशांत फार मोलाची मानली जात. तो पक्षी सह्याद्रीत आहे, कुणाच्या मामाच्या गावी दिसलाही असेल. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला लागू आहे. कुठल्याही रानपक्ष्याचे पीस वर्गात घेतले जाणार नाही.

पहिल्या ६ शिकंज्यांचे काय केले, हेही हिशेबासाठी सांगतो. जबडे काढून टाकले. खांब आणि बैठका मात्र बऱ्या निघाल्या. त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळ्या धरायच्या स्टँडसाठी दिल्या असून नोंदवहीत 'लोखंडी स्टँड, ६ नग' अशी नोंद केली आहे.